गाडीवर जाहिरात लावून कमाई? आधी या चुका टाळा

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर साधारण असा असतो: गाडी तुमचीच, रस्ता रोजचाच, फक्त दारांवर आमची जाहिरात, आणि महिन्याच्या महिन्याला खात्यात पैसे. यातलं सगळंच खोटं नाही. मुंबई-पुण्यात रिक्षाच्या हुडामागे, टॅक्सीच्या दारांवर, बसच्या अंगावर वर्षानुवर्षं जाहिराती लागतायत. कॅब चालवणाऱ्यांना, क्वचित खासगी गाडीवाल्यांनाही त्याचे पैसे मिळतात. फक्त याला नोकरी किंवा 'घरबसल्या कमाई' समजू नका. तुम्ही गाडीचा पत्रा भाड्याने देताय. फ्लॅट भाड्याने देताना आपण अनामत घेतो, करार करतो, सोडून जाताना रंगाचा खर्च कुणाचा ते ठरवतो. इथे मात्र लोक तोंडी बोलण्यावर गाडी देतात आणि वर अनामतही स्वतःच भरतात.

आधी पैसे भरणं

नोंदणी फी, परत मिळणारं डिपॉझिट, स्टिकरचं कुरिअर, जीपीएस यंत्राची किंमत. नाव काहीही असो, पैसे तुमच्याकडून निघाले की तिथेच थांबा. खऱ्या कामात व्हिनायल (स्टिकरचं प्लास्टिक), छपाई आणि चिकटवणारा कारागीर, तिन्हींचा खर्च जाहिरात एजन्सीचा असतो. तुम्ही फक्त गाडी घेऊन वर्कशॉपला जायचं. 'पैसे पाठवतोय, क्यूआर स्कॅन करा' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. यूपीआयवर पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही.

दुसरा प्रकार जास्त चलाख आहे, कारण त्यात पैसे आधी तुमच्याकडे येतात. अमेरिकेत तो इतका चालतो की तिथलं फेडरल ट्रेड कमिशन (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) त्याबद्दल अनेकदा इशारे देऊन बसलंय. नावाजलेल्या शीतपेयाच्या किंवा बिअरच्या नावाने मेल येतो. पाठोपाठ टपालाने मोठ्या रकमेचा चेक येतो: तुमचा पहिला हप्ता ठेवून घ्या, उरलेले स्टिकर लावणाऱ्याला पाठवा. चेक भरला की तिथल्या नियमांमुळे बँक थोड्याच दिवसांत रक्कम वापरायला देते. तो बनावट असल्याचं कळायला कधी कधी काही आठवडे जातात. तोवर 'कारागीर' पैसे घेऊन गायब असतो आणि बँक सगळी रक्कम तुमच्याकडून वसूल करते. तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनी जुनी गाडी घेतली की त्यांनाही हे मेल येऊ शकतात, म्हणून घरच्यांनीही हे लक्षात ठेवलेलं बरं. कॅर्व्हर्टाइज, रॅपिफाय अशा गाड्यांवर जाहिराती लावणाऱ्या खऱ्या कंपन्या तिथे आहेत, पण त्यांची नावंही कुणी वापरू शकतो. म्हणून मेलमधली लिंक न उघडता कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन अर्ज करायचा.

आपल्याकडे चेकची जागा एसएमएस घेतो. '२५,००० रुपये जमा झाले, चुकून जास्त गेले, १५,००० परत पाठवा.' एसएमएसवर भरवसा ठेवू नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा. आणि पैसे खरोखरच आले असतील तर जास्त घाबरा. ते दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचे असू शकतात. तुम्ही ते पुढे पाठवलेत की पोलिसांच्या तपासात तुमचं खातं गोठतं आणि मग चौकीच्या फेऱ्या सुरू होतात. बँकेला लेखी कळवा, तिच्याच मार्गाने रक्कम परत जाऊ द्या. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

मधल्या माणसाच्या शब्दावर जाणं

ब्रँड एजन्सीला काम देतो, एजन्सी लहान एजन्सीला, ती एखाद्या व्हेंडरला, आणि व्हेंडर स्टँडवरच्या ओळखीच्या माणसाला. तुमच्यापर्यंत पोचतो तो हा शेवटचा माणूस. तो लबाडच असेल असं नाही, पण वरून पैसे आले नाहीत तर तोही हात वर करतो. म्हणून 'पैसे कोण देणार' याचं उत्तर कागदावर हवं: नाव, पत्ता, पॅन किंवा जीएसटी क्रमांक. वर्क ऑर्डरची, म्हणजे काम दिल्याच्या लेखी आदेशाची, प्रत मागा. देत नसतील तर ती जाहिरात दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीवर शोभू दे.

कागद मोठा लागत नाही, एक पान पुरतं. पण त्यात काही गोष्टी हव्यातच: जाहिरात किती महिने राहणार, पैसे कोणत्या तारखेला मिळणार, रोज किंवा महिन्याला किती किलोमीटरची अट आहे, गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये पडली तर किती कापणार, वाहतूक पोलिसांनी जाहिरातीवरून ई-चलान फाडलं तर ते कोण भरणार. ई-चलान गाडीच्या नंबरवर निघतं, एजन्सीच्या नाही. आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं कलम: स्टिकर काढण्याचा खर्च कुणाचा आणि रंग उखडला तर काय?

कराराआधी आरसी, आधार, पॅन, रद्द केलेला चेक असं सगळं एकदम व्हॉट्सअ‍ॅपवर मागणाऱ्यांपासून सावध. आरसीची प्रत देताना तिच्यावर 'फक्त अमुक जाहिरातीसाठी' असं आडवं लिहून तारीख टाका.

आरटीओला गृहीत धरणं

पिवळ्या पाटीच्या टॅक्सी-रिक्षांवर जाहिरात लावायला परिवहन खात्याची परवानगी लागते. 'आम्ही सगळ्या गाड्यांची काढलीय' हे वाक्य ऐकलं की प्रत मागा आणि तिच्यात तुमच्या गाडीचा नंबर आहे का ते बघा. नसेल तर दंड तुमचा.

खासगी गाडीचा प्रश्न रंगाचा आहे. रंग आरसीवर नोंदलेला असतो. पांढरी गाडी नखशिखांत लाल करून फिरलात तर ती नोंदीशी जुळत नाही, आणि गाडीत बेकायदा बदल केल्याबद्दल २०१९ च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्यात दर बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंडाची आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. रॅपिंगसाठी (गाडीला स्टिकर गुंडाळल्याबद्दल) कुणी तुरुंगात जात नाही, पण भर चौकात वाद घालायची हौस कुणाला? बॉनेट आणि छत मोकळं ठेवून फक्त दारांवर जाहिरात घेतली तर मूळ रंग दिसत राहतो. मी तरी कुणालाही हेच सुचवेन, मग पूर्ण रॅपचे दोन पैसे जास्त मिळत असले तरी. नंबर प्लेट, दिवे, इंडिकेटर यांना व्हिनायलची कडासुद्धा लागता कामा नये.

मागच्या काचेबद्दल एजन्सीवाले हमखास सांगतात, 'भोकांची फिल्म आहे, आतून सगळं दिसतं.' दिसतं, खरं आहे. पण नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, आणि त्या फिल्ममध्ये भोकांचा भाग साधारण निम्माच असतो. गणित तिथेच संपतं. काचांवर फिल्म चिकटवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये घेतलेली कडक भूमिका पोलिसांना चांगली पाठ आहे. काच सोडून बोला.

विमा कंपनीला एक मेल टाकून ठेवा, आणि गाडी कर्जावर असेल तर बँकेच्या करारातली बदलांबद्दलची अट वाचून घ्या.

कसली जाहिरात आहे ते न बघणं

काही वर्षांपूर्वी रमी आणि फँटसी खेळांच्या जाहिराती मिळेल तिथे लागत होत्या. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांची जाहिरात करणंच गुन्हा ठरवलंय: दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड. असा मजकूर आला तर रक्कम ऐकूसुद्धा नका. तंबाखूच्या जाहिरातीवर २००३ च्या कायद्याने बंदी आहे. दारूचंही महाराष्ट्रात तसंच. 'वेलची'ची म्हणून आलेली जाहिरात नक्की कुणाची, हे पानपट्टीसमोर वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. निवडणुकीच्या काळात उमेदवाराचं चित्र लावायचं तर त्याची लेखी संमती आणि निवडणूक अधिकाऱ्याचा वाहन परवाना हवा. ओळखीचा कार्यकर्ता म्हणतो म्हणून लावू नका.

पत्र्याचा विचार शेवटी करणं

कंपनीचा मूळ रंग शाबूत असेल तर चांगलं व्हिनायल त्याला इजा न करता निघतं. भीती असते ती डेंटिंग-पेंटिंग झालेल्या भागाची. बाहेर मारलेला रंग मूळ रंगाइतका घट्ट बसलेला नसतो आणि स्टिकरबरोबर त्याची सालं निघतात. कुठल्या दाराचं काम झालंय ते आधी सांगा, करारात लिहून घ्या. काम नुकतंच झालं असेल तर काही आठवडे थांबा. गंजाचे फुगवटे असलेल्या पत्र्यावर तर चिकटवूच देऊ नका.

व्हिनायल दोन जातींचं असतं: कास्ट आणि कॅलेंडर्ड. कास्ट पातळ, वळणांवर नीट बसणारं, महाग. कॅलेंडर्ड स्वस्त, जाडसर, कालांतराने आकसणारं. सपाट दारावर काही महिन्यांपुरतं कॅलेंडर्ड चालतं, बंपरच्या वळणावर नाही. रोल कोणत्या कंपनीचा आहे ते विचारा. होर्डिंगचं साधं व्हिनायल आणून चिकटवणारेही भेटतात, आणि त्याचा गोंद उन्हात पत्र्यावरच राहतो.

लावल्यावर येणाऱ्या अडचणी

लहान बुडबुडे उन्हात बहुतेक आपोआप बसतात. मोठ्याला बारीक सुईने टोचून कडेकडून दाबा. कडा उचलली तर हेअर ड्रायरने जरा गरम करून दाबा. आत चिखल गेला असेल तर तेवढा भाग कारागिराकडून कापून घ्या. फेविक्विक लावू नका. कडा बसते, पण काढताना रंग घेऊन निघते. पहिले दोन दिवस गाडी धुऊ नका, आणि नंतरही वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशर पाइप कडांपासून लांब धरायला सांगा. पावसाळ्यात दारांच्या खालच्या कडा सगळ्यात आधी सुटतात, त्यामुळे जून ते सप्टेंबरचं काम असेल तर दुरुस्तीची जबाबदारी कुणाची ते आधीच ठरवा.

एजन्सीच्या अ‍ॅपमध्ये किलोमीटर मोजले जात नाहीत ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा दोष फोनच्या बॅटरी बचतीचा असतो. त्या अ‍ॅपला लोकेशनची परवानगी 'नेहमी' द्या आणि बॅटरीच्या निर्बंधांतून त्याला वगळा. तरीही मोजणी चुकली तर महिन्याच्या १ तारखेचा आणि शेवटच्या दिवसाचा ओडोमीटरचा फोटो हाच तुमचा पुरावा.

काढताना घाई नको. व्हिनायल गरम करून, कोपऱ्यातून, मागे वळवत हळू ओढायचं. थंड ओढलं की फाटतं. गोंद उरला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, थिनर आणि पेट्रोल लांब ठेवा. बराच काळ झाकलेला रंग आजूबाजूच्यापेक्षा ताजा दिसतो. बाजूचा रंग उन्हाने फिका पडलेला असतो, त्यामुळे अक्षरांची आकृती काही काळ दिसत राहते. पॉलिशने फरक कमी होतो, गडद रंगावर पूर्ण जातोच असं नाही.

पैसे अडकले तर

ग्राहक आयोगात जाऊन उपयोग नाही, कारण इथे ग्राहक तुम्ही नाही, एजन्सी आहे. मेलवर रक्कम आणि तारखा लिहून मागणी करा, मग वकिलाची नोटीस. तीन-चार कॅब असणाऱ्यांनी काम घेण्याआधीच लघुउद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी करून ठेवावी. लघुउद्योगांच्या कायद्यात ४५ दिवसांत पैसे देण्याचं बंधन आहे आणि उशिराबद्दल सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. एजन्सीने टीडीएस कापला असेल तर तो आयकराच्या वार्षिक माहिती विवरणात दिसतोय का तपासा. पॅन दिला नसेल तर कपात २० टक्क्यांवर जाते.

शेवटचा हप्ता येईपर्यंत जाहिरात स्वतःहून उतरवू नका. मुदत संपली की काढण्याची तारीख लेखी मागा, आणि काढण्याच्या दिवशी आधी व नंतर, नंबर प्लेट आणि तारीख दिसेल असे चारही बाजूंचे जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो त्याच मेलवर पाठवा.