पैदाशीतून सुटलेली मादी घरी आणण्याआधी

प्राणीसंस्थांना देणगी देणारे भेटतात. दोन-तीन आठवडे एक खोली देणारे शोधावे लागतात. कुत्र्याच्या पिल्लांच्या धंद्यातून सोडवलेली मादी, लॅब्रेडॉर असो, पग असो की शिट्झू, थेट दत्तक देता येत नाही. आधी कुठेतरी ती सावरावी लागते, आणि ते फॉस्टर घरीच, म्हणजे तात्पुरतं सांभाळणाऱ्याकडेच जमतं. त्यासाठी नाव दिलं असेल तर पुढचं सगळं ती यायच्या आदल्या दिवशीपर्यंत उरकून ठेवा.

पहिलं काम कागदाचं. डॉक्टरांचा खर्च कोण करणार, रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा आणि मुदत संपली तर कुत्री कुठे जाणार, हे संस्थेकडून लिहून घ्या. तोंडी ठरलेली फॉस्टरची मुदत हमखास लांबते.

मग खोली. पिंजऱ्याच्या जाळीवर दिवस काढलेल्या मादीला गुळगुळीत टाइल्सवर चालता येत नाही. पाय फाकतात, आणि एकदा घसरली की ती कोपरा सोडत नाही. अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत गोणपाटाची किंवा जुन्या सतरंजीची पायवाट घाला. गालिचा नको, तो रोज धुता येत नाही. सोबत पिल्लं येणार असतील तर पार्वोचा, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या आजाराचा विचार आधी करा. हा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही. फरशी आधी साबणाने स्वच्छ धुवा, मग एक लिटर पाण्यात ३० मिलि घरगुती ब्लीच घालून ती १० मिनिटं ओली ठेवा. घाण तशीच ठेवून वरून ब्लीच ओतलं तर ते वाया जातं. घरात आधीचा कुत्रा असेल तर त्याची लस वेळेवर झाली आहे ना, ते बघा आणि दोघांना १४ दिवस वेगळं ठेवा; भांडी आणि पोछासुद्धा वेगळा.

कुत्री हरवते ती बहुतेक पहिल्याच दिवशी, गाडीतून उतरताना किंवा लिफ्टचं दार उघडताना. घाबरलेली कुत्री मागे सरकते आणि साध्या पट्ट्यातून डोकं काढून घेते. म्हणून मार्टिंगेल (ओढला की आवळणारा) पट्टा आणि छातीभोवतीचा हार्नेस दोन्ही घाला आणि दोन्हींना वेगवेगळी दोरी लावा. पट्ट्यावर फोन नंबर हवाच. घराचं दार उघडण्याआधी खोलीचं दार बंद, हा नियम कामवाल्या मावशींनाही सांगून ठेवा. तरी निसटलीच तर मागे धावू नका. पाठ वळवून खाली बसा आणि खाणं टाका.

डॉक्टरांची वेळ पहिल्या दोन दिवसांतली घ्या. रक्ततपासणीत गोचीडतापाचं विचारा, दात दाखवा, मायक्रोचिप स्कॅन करून घ्या. सड लोंबलेले असतील तर गाठी चाचपायला सांगा. ती गाभण असू शकते, म्हणून सोनोग्राफी करा. माजानंतर महिना-दोन महिन्यांत ती एकाएकी फार पाणी पिऊ लागली, सुस्तावली किंवा योनीतून पू आला, तर सकाळची वाट पाहू नका. गर्भाशयात पू झाला असेल तर शस्त्रक्रिया लागते. नसबंदीची तारीख मात्र डॉक्टरच ठरवतील.

खाणं दिवसातून चार वेळा, थोडं थोडं: उकडलेलं चिकन आणि मऊ भात, मीठ-मसाला नाही. हाडं निघालेल्या कुत्रीला दयेपोटी पोटभर वाढणं घातक ठरू शकतं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तिच्यापासून दूर ठेवा. शी-शूची शिस्त नसेलच. जुनी वर्तमानपत्रं साठवा आणि रागावू नका.

तिला हाताळणाऱ्यांनी रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घ्यावी. चावलीच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठा. हळद, तेल, चुना काही लावू नका.

ती आली त्या धंद्याचा माग ठेवणं हेही तुमच्याच यादीत घ्या. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि ८ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही. केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद म्हणजे वंशावळीची नोंद, धंद्याचा परवाना नव्हे. विक्रेते नेमकं तेच पुढे करतात. एकाच नंबरावर सहा जातींची जाहिरात, 'आई गावाला आहे' असं उत्तर, हायवेवर डिलिव्हरी: तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा, नोंदणी क्रमांक लेखी विचारा, आणि तो आला नाही तर मंडळाकडे आणि पोलिसांत अर्ज द्या. अर्जात नोंदणीचा मुद्दा आधी मांडा, कारण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये आहे, त्याला कोणी भीत नाही. आणि कीव आली म्हणून अशा विक्रेत्याकडचं पिल्लू विकत घेऊ नका. ते पैसे पुढच्या वेताला लागतात.