काकडी-चिकन सॅलड पाणचट होऊ नये म्हणून
सॅलडच्या तळाशी साचणारं पाणी काकडीचं असतं. 2 काकड्या उभ्या चिरून चमच्याने बिया खरवडून काढा, पातळ काप करा, अर्धा चमचा मीठ चोळून 15 मिनिटं चाळणीत ठेवा आणि मुठीत घट्ट पिळा. पिळायचा कंटाळा केलात तर पुढचं सगळं वाया. शिजवलेलं बोनलेस चिकन, साधारण 200 ग्रॅम, पूर्ण गार झाल्यावरच घाला; गरम चिकनने काकडी मऊ पडते. ते सुरीने कापण्याऐवजी हाताने सोडवा, खडबडीत कडांना ड्रेसिंग छान चिकटतं. 2 चमचे लिंबाचा रस, 1 चमचा तेल, मिरपूड, चिमूटभर साखर. मीठ मात्र चव बघूनच, काकडीत ते मुरलेलं असतं. डब्यात न्यायचं असेल तर ड्रेसिंग वेगळं ठेवा आणि खाताना कालवा.