हिवाळ्यात पाऊस लागणाऱ्या भागात मधमाश्यांच्या पेट्या कुठे ठेवाव्यात?

थंडीने माशा मरतात असं सगळेच म्हणतात, पण जिथे हिवाळ्यातच पाऊस लागतो तिथे खरा घात ओल करते. कोरडी थंडी मेलिफेरा (पेटीत पाळतात ती युरोपीय जात) माशा बऱ्यापैकी सोसतात, एकमेकींना चिकटून गोळा करून बसतात आणि मध खाऊन ऊब टिकवतात. आता होतं काय, मध खाल्ला की त्याची वाफही होते, किलोभर मध संपेपर्यंत अर्ध्या लिटरहून जास्त पाणी पेटीतल्या हवेत येतं, आणि जागाच दमट असली तर ती वाफ जाणार कुठे, झाकणाला आतून थेंब धरतात आणि टपटप माशांवरच पडतात. भिजलेली माशी थंडीत टिकत नाही. म्हणून गोणपाट गुंडाळायच्या आधी जागा बघा.

आणि ती दुपारी बघू नका, दुपारी सगळ्याच जागा चांगल्या दिसतात! पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी उजाडताना जा. धुकं कुठे साचलंय, दव कुठे सगळ्यात उशिरा वाळतंय, बूट कुठे रुततोय, दगडांवर शेवाळ आहे का, एवढं बघितलं तरी अर्धं काम झालं. खोलगट जागा नि ओढ्याचा काठ कितीही आडोशाचा वाटला तरी सोडा, थंड हवा जड असते, रात्री उतरून तिथेच बसते, शिवाय पुराची भीती वेगळीच. अगदी माथ्यावर वारा झोडपतो. उताराचा मधला भाग बेस्ट.

दार पूर्वेला किंवा आग्नेयेला ठेवा म्हणजे सकाळचं ऊन मिळेल, पण पावसाचा वारा तिकडूनच येत असेल तर पेटी थोडी फिरवा. साधारण 10-12 अंशांच्या खाली माशा फारशा बाहेर पडत नाहीत, आणि खूप दिवस कोंडून राहिल्या की पेटीतच घाण करतात, मग नोसेमाला, म्हणजे माशांच्या पोटाच्या रोगाला, आयतं निमंत्रण.

वाऱ्याला अडवायला भिंतीपेक्षा झुडपांचं कुंपण बरं. भिंतीवरून आलेला वारा पलीकडे गोल फिरून आपटतो, झुडपातून तो गाळून येतो. मोठ्या झाडाखाली मात्र नको, पाऊस थांबला तरी फांद्या तासन्‌तास गळत राहतात.

स्टँड जमिनीपासून फूट-दीड फूट उंच, खालचं गवत कापलेलं, आणि पेटी दाराच्या बाजूला किंचित झुकलेली, म्हणजे आत गेलेलं पाणी आपोआप बाहेर येतं. झाकणावर जड दगड ठेवाच.

हे सगळं पाऊस सुरू व्हायच्या आधी करा. माशा उडत असताना पेटी थोडीशीच लांब नेली तर त्या जुन्या जागीच परततात, म्हणून हलवायची तर रोज हात-दोन हात सरकवा, नाहीतर एकदम 5 किलोमीटरच्या पलीकडे न्या.