जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, आता पुढं काय शिकायचं?

नवीन जॉइन झालेल्या पोरी आणि ब्रदर लोक, म्हणजे पुरुष नर्स, हमखास विचारतात, ताई आता पुढं कोणता कोर्स करू? कोर्सचं सांगते, पण पहिल्या वर्षात वॉर्डातच जे शिकून घ्यायचं असतं ते आधी, कारण त्याचं सर्टिफिकेट कुणी देत नाही आणि खरी नर्स त्यानंच तयार होते असं माझं ठाम मत आहे.

सोलापुरात काम करायचं तर आधी भाषा. पूर्व भागातल्या विणकर, विडी कामगार घरांतल्या बऱ्याच आज्ज्या तेलुगूच बोलतात, अक्कलकोटकडून येणारे किती तरी पेशंट कन्नड. नातेवाईक चहाला खाली गेलेला असतो, आज्जी कण्हत असते, अशा वेळी "एक्कड नोप्पी?" नाहीतर "एल्ली नोवु?" एवढं विचारता आलं तरी ती हात धरून दाखवते छातीत दुखतंय की पोटात, आणि डॉक्टरांना किती घाईनं बोलवायचं ते तिथंच कळतं. मी हे सगळं वॉर्डातल्या मावशींकडून शिकले, लघवी झाली का, काही खाल्लंय का, गोळी घेतली का, अशी रोजची दहा-बारा वाक्यं वहीत लिहून पाठच केली.

दुसरं इन्सुलिन. एका एमएलमध्ये 40 युनिट असलेल्या व्हायलला, म्हणजे औषधाच्या बाटलीला, लाल टोपीची सिरिंज, 100 च्या व्हायलला केशरी टोपीची, हे कॉलेजात सगळ्यांनाच शिकवलेलं असतं, पण नाईटला तीन वाजता चार बेडची शुगर एकदम वाढलेली असते तेव्हा हाताला येईल ती सिरिंज उचलली जाते. 100 ची व्हायल आणि लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेषेपर्यंत भरलं, तर आत जातात 20 ऐवजी 50 युनिट! म्हणून दर वेळी व्हायलवरचा आकडा मोठ्यानं वाचा आणि शेजारच्या सिस्टरला दाखवा, कितीही वर्षं सर्व्हिस झाली तरी.

बीएलएस, म्हणजे हृदय बंद पडलेल्याला वाचवायचं ट्रेनिंग, मात्र बाहेर जाऊन कराच. छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, निदान 5 सेंटीमीटर खोल, 30 दाबांना 2 श्वास, हे पाठ असून भागत नाही, हाताला सवय लागते आणि ती जातेही, म्हणून तर दोन वर्षांनी परत करायला लावतात.

आता कोर्स. जीएनएमनंतरची डिग्री, पोस्ट बेसिक बीएस्सी, 2 वर्षांची, क्रिटिकल केअर, नवजात बाळं, कॅन्सर असे पोस्ट बेसिक डिप्लोमा 1 वर्षाचे. घाई नको, आधी दोन वर्षं बेडसाईड काम करा, कोणत्या वॉर्डात जीव रमतो ते बघा आणि मगच फी भरा. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर 5 वर्षांनी रिन्यू करावं लागतं, त्याला सीएनई, म्हणजे नोकरीत असताना केलेल्या ट्रेनिंगचे पॉइंट, लागतात, तर सर्टिफिकेटं पहिल्यापासून एका फाईलमध्ये लावत चला. नुसती सही करून पॉइंट मिळणाऱ्या ठिकाणी जाऊ नका, दिवसही जातो आणि पेशंटला त्याचा काही उपयोग नाही.

आणि ट्रेनिंगला जायचं असेल तर ड्युटी चार्ट लागायच्या आधीच इन्चार्ज सिस्टरला सांगा, नंतर ड्युटी बदलून मिळता मिळत नाही, त्यात सरकारीत असाल तर आषाढीच्या आसपासच्या तारखा धरूच नका, तेव्हा वारीसाठी पंढरपूरच्या ड्युट्या लागतात.