'तर' की 'तरच'? जर-तरची वाक्यं अशी तपासा

मुलगी तिसरीत असताना मी तिला म्हणाले, "तेराचा पाढा पाठ केलास तर संध्याकाळी भेळ खायला नेईन." पाढा काही झाला नाही. संध्याकाळी अचानक मावशी आली आणि आम्ही सगळ्याच भेळ खायला गेलो. पहिला घास घ्यायच्या आधी ती म्हणाली, "आई, तू खोटं बोललीस." मी अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवते. त्या वर्षापासून जर-तरचा धडा मी भेळेनेच सुरू करते.

कागदावर चार ओळी लिहा. पाढा झाला, भेळ मिळाली. पाढा झाला, भेळ नाही. पाढा नाही, भेळ मिळाली. दोन्ही नाही. माझा शब्द कुठे मोडतो? फक्त दुसऱ्या ओळीत. पाढा झाला नाही तर काय, याबद्दल मी बोललेच नव्हते. पूर्वांग, म्हणजे 'तर'च्या आधीची अट, खोटं असलं की अख्खं विधान खरं धरायचं, हे मुलांना पटत नाही. त्यांना मी 'खरं' च्या जागी 'शब्द मोडला नाही' असं वाचायला सांगते. मग गाडी पुढे सरकते.

मुलीला ऐकू आलं होतं 'तरच'. त्या एका 'च'ने दिशा उलटते: भेळ मिळाली असेल, तर पाढा झालेलाच असणार. पण पाढा झाला की भेळ मिळेलच, ही हमी 'तरच' देत नाही. प्रवेशपत्र असेल तरच परीक्षेला बसता येतं. प्रवेशपत्र हातात असूनही फार उशिरा पोचलेल्याला परत जावं लागतं. दोन्ही म्हणायचं असेल तर दोन्ही लिहा. आणि 'तरी' आला की अटच उरत नाही: पाऊस आला तरी जाऊ.

सगळ्यात जपायचं ते 'ल्यास'ला. माझ्या एका विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीच्या सूचनेत 'दाखला जोडल्यास प्राधान्य मिळेल' असं वाचलं, आणि दाखला नव्हता म्हणून अर्जच केला नाही. मला कळलं तेव्हा मुदत संपली होती. याची हळहळ अजून वाटते. तेव्हापासून वर्गात खऱ्या सूचना आणते आणि प्रत्येक 'ल्यास' फोडून 'तर' किंवा 'तरच' लिहायला लावते.

विधान उलटवून पाहायचं असेल तर न्यायशास्त्रातला, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातला, धूर-अग्नी घ्या. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. याची बाजू बदलून 'जिथे अग्नी तिथे धूर' म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. पण दोन्हीकडे 'नाही' घालून उलटवा: जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, जसं सरोवर. हे नेहमी टिकतं. नुसती बाजू बदलणं आणि नकारासह उलटवणं, यांतला फरक हाताला बसेपर्यंत गिरवा.

आता बोलण्यातला सुचवलेला अर्थ. मम्मटाच्या 'काव्यप्रकाश' या संस्कृत काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात 'सूर्य मावळला' या एवढ्याशा वाक्याचे किती अर्थ दिलेत! कुणाला ते 'गाई आत घ्या' असं ऐकू येतं, कुणाला 'संध्येची वेळ झाली', कुणाला 'लांब जाऊ नकोस'. असा अर्थ विधानातून तर्काने निघतो, की नुसता सुचतो? मागे 'पण' जोडून बघा. 'तिने आंबा खाल्ला, पण फळ खाल्लं नाही' हे चालतच नाही. तिथे निष्कर्ष पक्का बांधलेला आहे. 'सूर्य मावळला, पण गाई राहू देत बाहेर' हे खुशाल चालतं.

माझंच वाक्य लावून बघा: 'पाढा केलास तर भेळ, पण नाही केलास तरी बहुधा नेईन.' चालतं. म्हणजे मुलीचा 'तरच' माझ्या वाक्याने सुचवलेला होता, सांगितलेला नव्हता. भेळेच्या गाडीजवळ मी तिला हे समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग उद्या पाढा केला तर?"