मालिकेतील उद्योजिका कशी पाहावी

संध्याकाळी सात ते रात्री दहा या वेळेत कोणतीही मराठी वाहिनी लावली, तरी एखाद्या घरात कंपनीची मालकीण सापडतेच. ती कधी नायिका असते, कधी सासू, आणि बऱ्याचदा खलनायिका. या व्यक्तिरेखेवर लेख, महाविद्यालयीन प्रकल्प किंवा वाचनकट्ट्यासाठी टिपण लिहू इच्छिणाऱ्या प्रेक्षकाला पुढील पद्धत उपयोगी पडेल. तिच्या मुळाशी एकच निरीक्षण आहे: मालिका या स्त्रीच्या हाती सत्ता असल्याचे वारंवार सांगते, पण ती सत्ता कामात वापरताना तिला क्वचितच दाखवते. सांगणे आणि दाखवणे यांतले हे अंतर मोजणे हेच आपले काम आहे.

प्रथम पाहण्याचा भाग ठरवावा. प्रोमोवरून मत बनवू नये, कारण प्रोमोसाठी निवडलेला क्षण हा नेहमी कानाखाली वाजवण्याचा, सही करण्याचा किंवा गाडीतून उतरण्याचा असतो. एका महाएपिसोडवरही विसंबू नये. सलग दोन आठवड्यांचे भाग घ्यावेत आणि शक्य असेल तर त्याच मालिकेतील वर्षभरापूर्वीचा एक आठवडा जोडीला ठेवावा. जाहिराती वगळल्यास एक भाग साधारण बावीस मिनिटांचा असतो, त्यामुळे हे ओझे फार नाही. दर गुरुवारी येणाऱ्या टीआरपीच्या आकड्यांवर ट्रॅक वळतात, आणि कथा, पटकथा व संवाद बहुधा निरनिराळ्या व्यक्ती लिहितात. म्हणून ‘लेखकाला असे म्हणायचे आहे’ असे विधान जपून करावे. ‘मालिका असे दाखवते’ एवढेच म्हणणे अधिक प्रामाणिक ठरते.

त्यानंतर वहीत चार रकाने आखावेत: प्रसंग कुठे घडतो, ती कोणाशी बोलते, विषय काय आहे, आणि निर्णय कोण घेते. उद्योजिका असलेल्या प्रत्येक प्रसंगाची नोंद करावी. उदाहरणार्थ, कार्यालयातील नेहमीचा प्रसंग घ्या. काचेचे टेबल, मागे शहराचे छायाचित्र, टेबलावर बंद लॅपटॉप. सचिव आत येऊन म्हणतो, ‘मॅडम, मीटिंगची वेळ झाली.’ मॅडम म्हणतात, ‘पाच मिनिटांत येते.’ तेवढ्यात घरून फोन येतो, सुनेने काहीतरी केलेले असते, आणि मॅडम पर्स उचलून निघतात. ती मीटिंग कशाबद्दल होती हे आपल्याला कधीच कळत नाही. वहीत या प्रसंगाची नोंद करताना ‘स्थळ’ रकान्यात कार्यालय येईल, पण ‘विषय’ रकान्यात घर येईल. दोन आठवड्यांनंतर हे दोन रकाने शेजारी ठेवून पाहिले की निष्कर्ष काढण्यासाठी वेगळे सिद्धान्त लागत नाहीत.

पद्धतीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कामाचा आहे. ही कंपनी नेमके काय बनवते? माल कुठून येतो, उधारी कोणाकडे थकली आहे, कामगारांचा पगार कोणत्या तारखेला होतो? मालिकेतील पुष्कळ कंपन्यांना केवळ ‘ग्रुप’ किंवा ‘इंडस्ट्रीज’ एवढेच नाव असते आणि त्यांचा एकमेव व्यवहार म्हणजे ‘ते टेंडर आपल्यालाच मिळालं पाहिजे’ हा असतो. कामाचा तपशील कंटाळवाणा असतो, असा युक्तिवाद यावर केला जाईल. तो मला पटत नाही. लिज्जत पापडाची वहिवाट आठवावी. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेल्या या उद्योगात पीठ शाखेत मळले जाते, भगिनी ते तोलून घरी नेतात, लाटलेले पापड परत आणून देतात, तिथे त्यांची तपासणी होते आणि वजनावर मजुरी ठरते. तराजूपाशी उभी असलेली एक बाई, कमी भरलेले वजन आणि परत केलेले पापड, एवढ्यावर तीन भागांचा ट्रॅक सहज उभा राहील. त्यात सत्ता आहे, अपमान आहे, मैत्री आहे आणि पैसाही आहे.

या कसोटीवर झी मराठीवरील ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६ ते २०२१) ही मालिका तपासून पाहावी. नागपूरची राधिका मसाले कुटून व्यवसाय उभा करते, हा तिचा सुरुवातीचा टप्पा कामाच्या जवळ होता. हळद, मिरची, पाकिटे आणि ओळखीची गिऱ्हाइके यांतून तिचा हात कसा बसतो हे प्रेक्षकाला दिसत होते. मसाल्यांची कंपनी झाली, तसे मसाले पडद्यावरून मागे सरले आणि कंपनी हे नवरा गुरुनाथ व त्याची प्रेयसी शनाया यांना धडा शिकवण्याचे साधन उरले. आपल्या वहीत हा बदल आठवड्यागणिक दाखवता आला, तर ‘मालिका भरकटली’ या ढोबळ तक्रारीपेक्षा ते कितीतरी मोलाचे टिपण होईल.

पुढचा प्रश्न, सत्ता तिच्याकडे आली कशी. यासाठी एक परदेशी नमुना माहीत असावा. अमेरिकेतील ‘डायनॅस्टी’ या मालिकेत १९८१ साली दुसऱ्या पर्वात जोन कॉलिन्स यांनी साकारलेली अलेक्सिस आली. तिने मृत्युशय्येवरील उद्योगपती सेसिल कोल्बी याच्याशी लग्न केले आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याची तेल कंपनी हाती घेऊन आपल्या पहिल्या नवऱ्याला जेरीस आणले. १९८४-८५ च्या हंगामात ही मालिका तिथे लोकप्रियतेत पहिल्या क्रमांकावर होती. खांदे उंचावलेले पोशाख, दरवाज्यात थबकणे, नवऱ्यावरील सूड आणि उद्योग यांची सरमिसळ, हे सगळे त्यात आहे. आपल्याकडील खलनायिकांशी त्याची तुलना करून पाहावी, म्हणजे किती गोष्टी सारख्या निघतात ते दिसेल.

मराठीत मात्र दुसऱ्या दोन वाटा अधिक रुळल्या. एक वाट घरातील कर्त्या स्त्रीची आहे. ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये (२०१३) रोहिणी हट्टंगडी यांची आईआजी गोखले गृहउद्योगाच्या घराची प्रमुख होती, आणि २०२४ साली सुरू झालेल्या ‘पारू’मध्ये मुग्धा कर्णिक यांची अहिल्यादेवी घर आणि व्यवसाय दोन्हींवर हुकमत चालवते. इथे सत्ता वयातून, शिस्तीतून आणि कुळाच्या प्रतिष्ठेतून येते, म्हणून ती प्रेक्षकाला खुपत नाही. दुसरी वाट भरपाईची. नवऱ्याने फसवले, मग स्त्री स्वतःच्या पायावर उभी राहिली. ‘आई कुठे काय करते’मधील अरुंधती गाण्याकडे वळते, या मालिकेच्या मुळाशी असलेली बंगाली ‘श्रीमोयी’ आणि तिच्यावरूनच बेतलेली हिंदी ‘अनुपमा’ पाहिल्यास हा साचा भाषा ओलांडून चालतो हे स्पष्ट होते. विचारायचे ते असे की नवऱ्याने दगा दिला नसता, तर या बाईने काही सुरू केले असते का? मालिका याचे उत्तर ‘हो’ असे देत असेल, तर ती वेगळी मालिका आहे आणि तसे आवर्जून लिहावे.

वारशाने खुर्ची मिळणे यात मुळात काही खोटे नाही, हेही नोंदवावे. पुण्यातील थर्मॅक्सची धुरा अनु आगा यांच्याकडे १९९६ साली पती रोहिंटन यांच्या निधनानंतरच आली. पण पुढे कंपनी अडचणीत आली, तेव्हा बाहेरचे सल्लागार बोलावणे आणि संचालक मंडळाची फेररचना करणे, हे त्यांचे निर्णय होते. मालिकेत नेमका हाच टप्पा गाळला जातो.

पेहरावाबद्दल थोडक्यात लिहिले तरी चालेल, कारण त्यावर बोलणारे भरपूर आहेत. सुती साडी आणि टिकली म्हणजे सज्जन, गॉगल आणि लिपस्टिक म्हणजे कारस्थानी, ही वाटणी अजून चालते. एकच स्त्री यशस्वी झाल्यावर कोणत्या बाजूला सरकते, एवढे पाहावे.

सत्ता जाते कशी, यावर मात्र वेळ खर्च करावा, कारण तिथे मालिकेचा खरा समज उघडा पडतो. फाइलमध्ये एक कागद सरकवला, मॅडमनी न वाचता सही केली आणि दुसऱ्या दिवशी कंपनी जावयाची झाली, हा प्रसंग कोणाच्या परिचयाचा नाही? कंपनी कायदा, २०१३ नुसार सभासदांना संचालक काढायचा असेल, तर त्यासाठी विशेष सूचना द्यावी लागते, सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर व्हावा लागतो आणि त्या संचालकाला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. सर्वसाधारण सभेची सूचना एरवी २१ दिवस आधी आणि संचालक मंडळाच्या बैठकीची ७ दिवस आधी द्यायची असते. कागदी शेअर हस्तांतरित करायला देणारा आणि घेणारा अशा दोघांच्या सह्यांचा दस्त आणि मुद्रांक शुल्क लागते. मुखत्यारपत्रही सहसा रद्द करता येते. हे सर्व कायद्याचा कीस पाडण्यासाठी सांगितलेले नाही. जी बाई वीस वर्षे कारखाना चालवते, ती एका सहीने रस्त्यावर येते असे दाखवणे म्हणजे तिला कागद वाचता येत नाहीत असे सांगणे होय. अशा प्रत्येक सहीच्या प्रसंगापाशी वहीत खूण करावी आणि त्याच मालिकेतील पुरुष किती वेळा न वाचता सही करतात, हेही मोजावे.

तिच्याकडून वसूल होणारी किंमतही अशीच मोजता येते. मुलाला ताप आला आणि आई सभेत होती, हा प्रसंग आला की क्षणभर आईच्या जागी बापाला ठेवून पाहावा. प्रसंग हास्यास्पद किंवा निरर्थक वाटू लागला, तर दोष कथेच्या गृहीतकात आहे.

टीका लिहिताना निर्मितीच्या अडचणी ध्यानात घ्याव्यात. रोज भाग द्यायचा असतो, दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांचा सेट कायम उभा असतो, आणि कारखान्यात चित्रीकरण करायचे तर परवानगी, प्रवास व आवाज यांत दिवस जातो. त्यामुळे उद्योगाचा विषय घरात आणण्यामागे कित्येकदा आळस नव्हे, खर्च हे कारण असते. मात्र दिवाणखान्यातही हिशेबाची वही उघडता येते. ती उघडली जात नाही, ही तक्रार उरतेच.

मालिका संपत असेल, तर शेवटचा भाग अवश्य पाहावा. त्यात लग्ने लागतात, रुसलेले परततात, सगळे कुटुंब एका चौकटीत उभे राहते. कंपनीचे काय झाले, ती आता कोण चालवते, याचा एखादा तरी संवाद आहे का, ते तपासावे आणि नसल्यास भागाची तारीख घालून तसे नोंदवावे.