वंशावळ शोधायला नवीन आहात? मंडळात येण्याआधी एवढं वाचा (ठाण्याचा अनुभव)

आमच्या ठाण्यातल्या वंशावळ अभ्यास मंडळाच्या बैठकीला हल्ली दर वेळी नवीन चेहरे दिसतात. २०२३ ला मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती नेमली तेव्हापासून तर जास्तच. कुणाला जात पडताळणीसाठी वंशावळ हवी असते, कुणाच्या घरात नवी मुंबईसाठी सिडकोने घेतलेल्या जमिनीचा आणि तिच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्के भूखंडाच्या वारसांचा गुंता असतो, आणि काही जणांना नुसतं पणजोबांच्या मागे कोण होतं तेवढं कळलं तरी भरून येतं. सातबारा म्हणजे जमिनीचा उतारा, फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद आणि मोडी म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

मंडळात काय चालतं ते आधी सांगते. सगळ्यात मोलाचं म्हणजे सामूहिक वाचन. मोडीचा एकच कागद पडद्यावर लावतात आणि सगळे मिळून एकेक ओळ सोडवतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही, शब्द तोडलेले नाहीत, त्यामुळे सुरुवातीला अख्खी ओळ एकच शब्द वाटते आणि रडू येतं, खरंच येतं. पण शेजारी बसलेले काका सहज 'बिन' वर बोट ठेवतात, म्हणजे 'चा मुलगा', आणि एकदम दोन नावं सुटी होतात. हे घरी एकट्याने पुस्तक घेऊन जमायला फार वेळ जातो. अक्षरओळख नसेल तर पुराभिलेख संचालनालयही मोडीचे वर्ग घेतं, ते आधी करून या. बाकी घरातल्या वयस्कर माणसांच्या मुलाखती कशा रेकॉर्ड करायच्या, जुन्या फोटोमागे काय लिहायचं, त्र्यंबकेश्वरला तीर्थपुरोहितांकडे गेल्यावर वहीत गाव आणि आडनावावरून कसं शोधायचं, हे सगळं होतं. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागाराची सहलही असते, चुकवू नका.

आता मुख्य मुद्दा, ज्यात मी स्वतः बरेच महिने अडकून होते. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. हे सगळ्यांना माहीत असतं, पण कागद समोर आला की कोणाच्याच लक्षात राहत नाही. समजा १९१२ च्या फेरफारात 'रामा बिन गोविंदा' जमीन गहाण ठेवतो, आणि १९५९ च्या फेरफारात 'रामा गोविंदा' तीच जमीन विकतो. गाव तेच, सर्व्हे नंबर तोच, बापाचं नाव तेच. १९१२ ला पंचविशीचा असेल तर १९५९ ला बहात्तरचा, म्हणजे वयही बसतं! तुम्ही आनंदाने एक माणूस धरता आणि पुढे जाता. प्रत्यक्षात काय झालेलं असू शकतं, तर पहिला रामा १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेला, मागे दहा वर्षांचा मुलगा गोविंदा राहिला, आणि त्या गोविंदाला मुलगा झाल्यावर आजोबाचं नाव ठेवलं, रामा. १९५९ ला जमीन विकणारा हा दुसरा रामा, पुरता तिशीचाही नाही. म्हणजे गोविंदा, रामा, गोविंदा, रामा अशी चार माणसं, आणि तुमच्या कागदावर फक्त दोन. दोन पिढ्या गायब. मग दुसऱ्या रामाचे भाऊ पहिल्या रामाचे भाऊ होऊन बसतात, काका-पुतण्यांची नाती उलटीपालटी होतात, आणि ज्या नातेवाईकाचं जात वैधता प्रमाणपत्र तुम्ही पुरावा म्हणून जोडलंय त्याच्या शपथपत्रातलं नातं तुमच्याशी जुळत नाही. पडताळणीत इथेच त्रुटी निघते आणि फाइल परत येते.

यातून सोडवतात त्या बायका. त्या मधल्या वर्षांत वारसाचा फेरफार शोधा. दहा वर्षांच्या गोविंदाच्या नावापुढे 'अ.पा.क.' लिहून आईचं नाव असेल, म्हणजे अज्ञान मुलाची पालनकर्ती. पहिल्या रामाची बायको सखू आणि दुसऱ्याची बायको ताराबाई, इतकं एक कळलं की दोन रामा कायमचे वेगळे झाले. पुरुषांची नावं फिरून फिरून तीच येतात, सासू आणि सुनेचं नाव एकच असणं मात्र क्वचितच. आणि नेमकी ही नावं आपल्या घरोघरच्या वंशावळीत नसतात! सुंदर छापलेला वृक्ष, फ्रेम केलेला, त्यात एक बाई नाही. माझं स्पष्ट मत आहे की अशी वंशावळ अर्धीच आहे, दिसायला कितीही छान असो. लग्नात नाव बदलायचे म्हणून माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहा. जुन्या कागदात 'कोम' दिसलं तर पुढे नवऱ्याचं नाव असतं, ते वगळून पुढे जाऊ नका. आमच्याकडे वसई भागातल्या ईस्ट इंडियन कुटुंबातले सभासद चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आणतात, त्यात आईचं नाव असतंच, तो कागद बघून मला आपल्या वह्यांचं फार वाईट वाटतं.

शॉर्टकटबद्दल. त्याच आडनावाची तयार वंशावळ पीडीएफमध्ये मिळाली की लोक वरून स्वतःला जोडून घेतात. करू नका, अजिबात नको. स्वतःपासून सुरुवात करून एकेक पायरी मागे जायचं, प्रत्येक पायरीला कागद हवा. आणि पैसे घेऊन आठ दिवसांत पूर्ण वंशावळ काढून देतो म्हणणाऱ्याला विचारा की कोणत्या दप्तरात, कोणत्या नोंदीत सापडलं. उत्तर देत नसेल तर उठून या.

गुरू कोण करावा? मला विचाराल तर निवृत्त तलाठी किंवा रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केलेला कारकून. विद्वान लोकांबद्दल आदर आहेच, पण कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४ कुठल्या गठ्ठ्यात असेल आणि अर्जात काय शब्द लिहायचा हे या माणसांना तोंडपाठ असतं. ते कधी कधी खेकसतात, मनावर घेऊ नका, दुसऱ्यांदा विचारलं की शांतपणे सांगतात.

आणि घाबरू नका. नोंद नाही म्हणून परत पाठवलं तर बऱ्याचदा जागाच चुकलेली असते. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा जिल्हा झाला, त्याआधीचं दप्तर ठाणे जिल्हा म्हणूनच आहे. नवी मुंबईतलं बेलापूरकडचं गाव असेल तर ठाणे, पनवेल-उरणकडचं असेल तर रायगड, आणि जुन्या कागदांवर रायगड नाही तर कुलाबा. गावाचा आजचा तालुका आणि जुना तालुका दोन्ही लिहून न्या.

पहिल्या बैठकीला येताना शाळा सोडल्याचे दाखले, स्वतःचा, वडिलांचा, आजोबांचा असेल तर तोही, आणि आत्या किंवा मावशीशी बोलून लिहिलेली बायकांची नावं आणा. आत्याला आजच फोन करा, सुट्टीची वाट बघू नका. कागदाचा फोटो काढताना रजिस्टरच्या मुखपृष्ठाचा आणि पान क्रमांकाचाही काढा, नाहीतर सहा महिन्यांनी ती नोंद कुठून आणली हे तुम्हालाच सांगता येणार नाही आणि पुन्हा त्याच खिडकीसमोर रांगेत उभं राहावं लागेल.